रोखपालाचा मुलगा

आमच्या अलिबाग तालुक्यात पावसाळा सोडला तर एकही रविवार टेनिस चेंडूच्या क्रिकेटशिवाय जात नाही. भातकापणी झालेल्या शेतात मंडप उभा राहतो, लाउडस्पीकर लागतो, आगरी बोलीतले खुसखुशीत धावते वर्णन सुरू होते आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांतली तरणी पोरे सकाळपासून बांधावर येऊन बसतात. षटक संपले आणि सामना रंगात आलेला असला, की लाउडस्पीकरवाला एक ठेका सोडतो. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची. दोनदा पाय, एकदा टाळी. बघता बघता सगळे मैदान त्यात सामील होते. शेंगा विकणारी म्हातारीसुद्धा टोपलीवर ताल धरते. हा ठेका कुणाचा, असे मी एकदा शेजारी बसलेल्या मुलाला विचारले, तर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी वारा कुणाचा असे विचारत होतो.

हा ठेका १९७७ सालचा. तो रचला ब्रायन मे या गिटारवादकाने, आणि तोही मुद्दाम अशा बेताने, की ज्याला काहीच वाजवता येत नाही त्यालाही गाण्यात भाग घेता यावा. बँडचे नाव ‘क्वीन’. त्यावर ज्याचा आवाज आहे तो गायक १९९१ साली वारला. म्हणजे बांधावर बसलेल्या निम्म्या मुलांच्या जन्माआधीच. जगभर त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखतात. परंतु हे नाव त्याचे अर्धेच खरे, आणि त्यातला खरा भाग त्याला मिळाला तो आपल्या सह्याद्रीत. आमच्या जिल्ह्याच्या शिवेवरचा आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडले, की लागणाऱ्या पाचगणीत!

त्याचे मूळ नाव फारोख बलसारा. बुलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे, ते बलसारा. पारशी कुटुंब. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार बेटावर. आफ्रिकेच्या किनाऱ्याशी आम्हा रायगडकरांची ओळख तशी जुनी. जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे मुरूडच्या मुलखाला जुने लोक हबसाणच म्हणत. एकाच समुद्राचे हे दोन काठ. शिडाची गलबते हिवाळ्यातल्या वाऱ्यावर तिकडे जात आणि पावसाळी वाऱ्यांबरोबर इकडे परतत. वडील बोमी बलसारा इंग्रज सरकारच्या नोकरीत, झांझिबारच्या उच्च न्यायालयात रोखपाल होते. मी स्वतः तेहेतीस वर्षे बँकेत काढली, म्हणून या तपशिलाशी जरा रेंगाळतो. रोखपालाचे आयुष्य एका गोष्टीभोवती फिरते. संध्याकाळी रोख जुळली पाहिजे. एक रुपया कमी नाही आणि एक रुपया जास्तही नाही. अशा माणसाच्या घरी हा मुलगा जन्मला, ज्याने पुढे आयुष्यात कसलीच जुळवाजुळव केली नाही, जे मिळाले ते दोन्ही हातांनी उधळले, आणि तरीही ज्याचा हिशेब अजून बंद झालेला नाही.

आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला बोटीत बसवून हिंदुस्थानात धाडले. पाचगणीचे सेंट पीटर्स ही इंग्रजी वळणाची जुनी निवासी शाळा. सर्वसाधारण परिस्थितीतल्या कुटुंबाने मुलगा शिकावा म्हणून केलेला तो मोठाच खर्च होता. मुलाच्या बाजूने पाहिले तर आठ वर्षांचे पोर, आई समुद्रापलीकडे, धाकटी बहीण लहानगी, आणि डोंगरावरचे धुके. सुट्टीत सगळी मुले घरी जात, पण झांझिबार इतके लांब की दर सुट्टीला जाणे शक्य नसे. मग मुंबईच्या नातलगांकडे. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. शाळेतली मुले कुठल्याही काळची असोत, असल्या गोष्टी सोडत नाहीत. त्यांनी त्याचे नाव पाडले बकी. हसताना तोंडावर हात धरायची किंवा ओठ मिटून घ्यायची सवय त्याला जन्मभर राहिली. पुढे पैसा आला तेव्हा दात दुरुस्त करणे काही अवघड नव्हते. पण त्या दातांमुळेच तोंडात आवाजाला जागा मिळते, असे त्याच्या मनाने घेतले होते. आवाज बिघडेल या धास्तीने त्याने ते तसेच ठेवले.

फारोखचा फ्रेडी झाला तो याच शाळेत. टेबल टेनिस खेळे, बॉक्सिंग करी, चित्रे काढी. रेडिओवर एकदा ऐकलेले गाणे जाऊन पियानोवर जसेच्या तसे वाजवी. मुख्याध्यापकांच्या हे लक्षात आले आणि त्यांनी घरी कळवून जादा फी घेऊन त्याला पियानो शिकवायची व्यवस्था केली. पियानोच्या परीक्षांच्या चार पायऱ्या तो तिथे चढला. घरच्यांनी ही जादा फी नाकारली असती तर? पण नाकारली नाही. रोखपालाने कुठल्या तरी खर्चातून ती काढली असणार.

१९५८ साली त्याने आणि चार सवंगड्यांनी मिळून बँड काढला. नाव ‘द हेक्टिक्स’. चहाच्या खोक्याला दांडी आणि तार लावून त्यांनी खर्जाचे वाद्य बनवले होते! क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड, फॅट्स डोमिनो यांची गाणी ही मुले शाळेच्या समारंभांत म्हणत, आणि शेजारच्या शाळेतल्या मुली जोरजोराने ओरडून दाद देत. गंमत अशी, की मुख्य गायक फ्रेडी नव्हता. तो मागे, पियानोवर. त्या पाच जणांतला एक पुढे इंग्लंडमध्ये नट झाला, एक नेपाळच्या सैन्यात सेनापतीच्या हुद्द्याला चढला. लाजाळू पियानोवाल्याचे जे झाले ते मात्र त्या वेळी कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

पाचगणीतली शेवटची वर्षे काही चांगली गेली नाहीत. अभ्यास घसरला, आणि १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. त्याच डिसेंबरात बेट स्वतंत्र झाले आणि जेमतेम महिना उलटला तोच, १२ जानेवारी १९६४ रोजी तिथे क्रांती झाली. सुलतान पळाला. हजारो अरब आणि हिंदी माणसे मारली गेली. बलसारा कुटुंबाने दोन-चार बॅगा उचलल्या आणि इंग्लंडचे विमान पकडले. घर, नोकरी, प्रतिष्ठा, नोकरचाकर, ऊन सगळे मागे राहिले.

लंडनच्या पश्चिमेला, हीथ्रो विमानतळाच्या जवळ फेल्टहॅम नावाचे उपनगर आहे. तिथल्या एका साध्या रांगेतल्या घरात त्यांनी पुन्हा संसार मांडला. वडिलांनी हिशेबनिसाची नोकरी धरली, आईने दुकानात काम धरले. फ्रेडीने विमानतळावर सामान हलवले, गोदामात खोकी उचलली, आणि ईलिंगच्या कला महाविद्यालयात नाव घातले. १९६९ मध्ये त्याने ग्राफिक कला आणि डिझाइनची पदविका मिळवली. त्या दिवसांत तो जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाने वेडावला होता. त्याची चित्रे काढून भिंती भरवायचा. चाहता म्हणजे काय हे त्याला आतून ठाऊक होते. हे लक्षात ठेवायला हवे.

शिक्षण झाल्यावर केन्सिंग्टनच्या बाजारात रॉजर टेलर या मित्राबरोबर जुन्या कपड्यांचा ठेला. हा टेलर ड्रम वाजवी. ब्रायन मे खगोलशास्त्राचा विद्यार्थी. त्यांच्या ‘स्माइल’ नावाच्या बँडचा गायक १९७० मध्ये सोडून गेला आणि फ्रेडी तिथे शिरला. शिरला म्हणजे काय, त्याने सगळेच बदलले. बँडचे नाव बदलून ‘क्वीन’ केले. स्वतःचे आडनाव बदलून मर्क्युरी केले. पुढल्या वर्षी जॉन डीकन हा इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा अबोल मुलगा आला आणि चौकडी पुरी झाली. बँडचे बोधचिन्ह फ्रेडीनेच काढले. चौघांच्या राशी त्यात आहेत: दोन सिंह, एक खेकडा, आणि त्याच्या स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या. वर पंख पसरलेला, राखेतून उठणारा पक्षी. पंचांग पाहणाऱ्याला सांगायला नको, की कन्येचा स्वामी बुध, आणि मर्क्युरी म्हणजे बुधच. पाराही म्हणा. दोन्ही त्याला शोभले.

आपली माणसे इथे जरा रागावतात. नाव टाकले, देश लपवला, पाचगणीचा उल्लेख केला नाही, असा आरोप त्याच्यावर अजून होतो. मला तो फारसा पटत नाही. १९७० च्या इंग्लंडमध्ये तपकिरी कातडीच्या मुलाला रस्त्यात काय ऐकावे लागे, ते तिथे राहिलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला विचारावे. शिवाय हा मुलगा नेमका कुठला? बुलसारचा, झांझिबारचा, पाचगणीचा की फेल्टहॅमचा? ज्याला चार गावे असतात त्याला एकही नसते. त्याने पाचवे शोधले, आणि ते रंगमंचावर होते.

पहिली तबकडी १९७३ ची. नाव झाले ते पुढच्या वर्षी, आणि १९७५ मध्ये आले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी असे हे गाणे. त्या काळी रेडिओवर तीन मिनिटांपलीकडे काही चालत नसे, त्यामुळे जाणकारांनी माना हलवल्या. गाण्याला ध्रुपद नाही. सुरुवात प्रार्थनेसारखी, मध्ये एका आईजवळ दिलेली कबुली, मग एकाएकी इटालियन संगीतनाटकाचा गजर, त्यातच अरबी भाषेत देवाचे नाव, शेवटी गडगडाट आणि पुन्हा शांतता. तिघांनी आपले आवाज एकावर एक इतक्या वेळा मुद्रित केले, की फीत झिजून पारदर्शक व्हायला आली होती. केनी एव्हरेट या रेडिओवाल्याने दोन दिवसांत चौदा वेळा ते वाजवले आणि पुढे ते नऊ आठवडे इंग्लंडात अव्वल राहिले. मी नाट्यसंगीतावर वाढलेला माणूस. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते भलतेच वाटले होते. आज वाटते, ज्याला एका पदात चार वळणे घेणारा गवई कळतो त्याला हे कळायला काहीच अडचण नाही. अडचण माझ्या कानांची नव्हती, माझ्या शिष्टपणाची होती.

त्यानंतर इंग्लंडात पंक आणि ‘न्यू वेव्ह’ नावाची नवी लाट आली. कमी वाद्ये, कमी झगमगाट, थोडक्यात गाणे. क्वीनसारखे झालर-मुकुटवाले बँड आता संपले असे समीक्षकांनी जाहीर करून टाकले. त्या लाटेतला ‘द पोलिस’ हा बँड १९८० मध्ये चक्क मुंबईच्या रंगभवनात वाजवून गेला. क्वीन मात्र कधी आले नाही. फ्रेडी पाचगणीला परत आला नाही, आणि झांझिबारलाही गेला नाही. पण लाट आली आणि ओसरली, तरी क्वीन उभे राहिले. कारण साधे आहे. फ्रेडी समोरच्या माणसांना सोडून गात नसे. शेवटच्या रांगेतल्या, सर्वांत लाजाळू माणसापर्यंत पोचायचे, ही त्याची जिद्द होती. १९८६ मध्ये बुडापेस्टला गेला तेव्हा एक हंगेरियन लोकगीत त्याने तळहातावर शब्द लिहून आणून त्यांच्याच भाषेत म्हटले. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा हातात डोकावत होता. ऐंशी हजारांचा जमाव त्याच्यासोबत गात होता.

चुकाही झाल्या. १९८४ मध्ये वर्णभेदाच्या दक्षिण आफ्रिकेत, सन सिटीला, बहिष्कार मोडून या लोकांनी कार्यक्रम केले. वादकांच्या संघटनेने दंड केला. आम्ही राजकारणात नाही ही त्यांची सबब मला लंगडी वाटते, आणि आफ्रिकेत जन्मलेल्या पारशाने ती पुढे करावी याचे तर वाईटच वाटते. पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९८५ रोजी, इथियोपियाच्या दुष्काळासाठी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर जो मोठा जलसा झाला, त्यात त्यांना वीस-एकवीस मिनिटे मिळाली होती. उन्हात, भर दिवसा, दिव्यांच्या करामतीशिवाय. त्या वीस मिनिटांबद्दल जगात इतके लिहिले गेले आहे, की मी भर घालत नाही. ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी नातवंडांना सांगून पाहावे. बहात्तर हजार माणसे एकाच वेळी टाळी वाजवतात तेव्हा काय होते ते त्यात दिसते.

घरी हा माणूस निराळा होता. मांजरे, जपानी चित्रे, फुले, मित्रांसाठी भेटी. तरुणपणी मेरी ऑस्टिन या मुलीशी त्याचे प्रेम जमले, ते दोघे कित्येक वर्षे एकत्र राहिले. आपले मन पुरुषांकडे ओढते हे त्याने तिला सांगितले तेव्हा ते नाते संपले, मैत्री मात्र अखेरपर्यंत राहिली. राहते घर त्याने तिलाच ठेवले. शेवटच्या सहा-सात वर्षांचा सोबती होता जिम हटन, एक आयरिश केशकर्तनकार. आईवडिलांना सारे ठाऊक होते की नव्हते, या चर्चेत मी पडत नाही. तो त्यांना भेटायला फेल्टहॅमला जाई, आईच्या हातचे जेवी, एवढे खरे.

१९८७ मध्ये एड्सचे निदान झाले. तेव्हा या आजारावर उपाय नव्हता. त्याने ते मोजक्या माणसांना सांगितले आणि कामाचा वेग वाढवला. स्पेनच्या मोन्सेरात काबाये या ऑपेरा गायिकेबरोबर आयुष्यातली एक जुनी हौस पुरी केली. स्वित्झर्लंडच्या मोंत्रोमध्ये, तळ्याकाठच्या स्टुडिओत, उभे राहणे कठीण झाले तरी थोडे थोडे करून ध्वनिमुद्रण करीत राहिला. आपण नसताना मित्रांनी ते पुरे करावे या हिशेबाने. बाहेर वार्ताहर दारावर पहारा देऊन होते. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने निवेदन काढून आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. वय पंचेचाळीस.

इथे मला एक सांगायचे आहे. किनाऱ्यावरच्या एका शाखेत मी असताना मुरूडच्या बाजूचा एक खातेदार होता. परदेशी मालवाहू जहाजांवर नोकरी. सहा महिने समुद्रावर, चार महिने घरी. आला की माझ्या टेबलाशी बसायचा, परदेशी बंदरांच्या गोष्टी सांगायचा. क्वीनची कॅसेट मला पहिल्यांदा त्यानेच दिली आणि मी ती ड्रॉवरमध्ये टाकून दिली. १९९४ च्या सुमारास तो जहाजावरून आजारी होऊन परतला. गावात कुजबुज झाली. एक दिवस तो पैसे भरायला आला तेव्हा आमच्या रोखपालाने नोटा हातात न घेता त्याला काउंटरवर ठेवायला सांगितल्या आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक सरकवून मोजल्या. मागे रांग होती. सगळ्यांनी पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. मी अधिकारी होतो, उठून त्या नोटा मोजू शकलो असतो. मी समोरच्या लेजरमध्ये मान घातली.

तो परत आला नाही. नंतर त्याची बायको पैसे काढायची स्लिप घेऊन येई. त्यावरची सही दर महिन्याला थोडी थोडी वाकडी होत गेली. नमुन्याच्या सहीशी ती जुळत नव्हती. नियमाप्रमाणे परत करायला हवी होती. मी दर वेळी पास केली. शेवटी तिने वारसाचा अर्ज आणला. तेव्हाही मी तिला काही बोललो नाही. बोलायला कुठून सुरुवात करायची हे मला आजही कळत नाही. कॅसेट मी निवृत्तीनंतर ऐकली.

फ्रेडीला निरोप दिला तो पारशी धर्मगुरूंनी, अवेस्तातल्या प्रार्थना म्हणून. समारंभ लहानसा. दहन लंडनमध्येच झाले. अस्थी कुठे ठेवल्या ते मेरी ऑस्टिनने कुणाला सांगितले नाही, त्यामुळे चाहत्यांना समाधी नाही. मग त्यांनी जागा स्वतःच शोधल्या. त्याच्या घराच्या भिंतीवर वर्षानुवर्षे निरोप लिहिले जात राहिले. मोंत्रोच्या तळ्याकाठी १९९६ मध्ये त्याचा मूठ उगारलेला पुतळा उभा राहिला, तिथे दर सप्टेंबरात देशोदेशीची माणसे वाढदिवसाला जमतात. क्वीनचे चाहता मंडळ सत्तरच्या दशकात निघाले ते अजून चालू आहे. झांझिबारमध्ये २००६ साली त्याच्या साठाव्या वाढदिवसाचा बेत काही धार्मिक गटांच्या विरोधामुळे रद्द करावा लागला होता. २०१९ मध्ये त्याच गावात त्याचे संग्रहालय उघडले. २०२३ मध्ये त्याच्या घरातल्या वस्तूंचा लंडनमध्ये लिलाव झाला. आधी महिनाभर त्या विनामूल्य पाहायला ठेवल्या होत्या, तर एक लाख चाळीस हजार माणसे रांगा लावून पाहून गेली. त्याचा पियानो सतरा लाख पौंडांना गेला. रांगेतल्या बहुतेकांना एक बशीसुद्धा परवडणारी नव्हती. ती नुसती पाहायला आली होती, जसे आपण गेलेल्या माणसाच्या घरी एकदा जाऊन येतो.

बोमी बलसारा २००३ मध्ये गेले. १ सप्टेंबर २०१६ रोजी फेल्टहॅमच्या त्या रांगेतल्या घरावर निळा स्मृतिफलक बसवला गेला. बहीण कश्मीरा आणि ब्रायन मे समारंभाला होते. आई जेर तेव्हा हयात होती. त्याच नोव्हेंबरात तीही गेली. फलकावर वरती जगाला माहीत असलेले नाव आहे आणि त्याखाली कंसात बलसारा. घर खाजगी आहे, आत जाता येत नाही. लोक समोरच्या फुटपाथवर उभे राहून फोटो काढतात, आणि हीथ्रोला उतरणारी विमाने डोक्यावरून जात असतात.